आपल्या जन्माआधीची गाणी कशी ऐकावीत

आपल्या जन्माच्या बऱ्याच आधी लोकप्रिय झालेले एखादे गाणे पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांच्या मनात ज्या तक्रारी उमटतात, त्या गाण्याविषयी नसतातच. आवाज पातळ लागतो, मागे खरखर चालू असते, गायक विनाकारण जोर लावतो आहे असे वाटते, वाद्ये एकमेकांत मिसळून गेलेली असतात आणि ज्या ठेक्यावर पाय आपोआप हलावा तो ठेका कोठे आहे हेच सापडत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत. मात्र त्यांचा रोख बव्हंशी ध्वनिमुद्रणाच्या यंत्राकडे, तबकडीच्या लांबीकडे आणि आपल्या कानांच्या सवयीकडे असायला हवा. म्हणून जुन्या गाण्याकडे जाताना ‘हे चांगले आहे का’ हा प्रश्न थोडा पुढे ढकलावा आणि त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारावा: हे गाणे कोठे आणि कशावर वाजण्यासाठी केले होते? या लेखातील सर्व सूचना त्या एका प्रश्नातून निघालेल्या आहेत.

सुरुवात गाण्याचे वर्ष शोधण्यापासून करावी. हे काम वाटते तितके सोपे नाही, कारण ऐकण्याच्या ॲपवर दिसणारे वर्ष पुष्कळदा मूळ ध्वनिमुद्रणाचे नसून एखाद्या संकलनाच्या किंवा सुधारित आवृत्तीच्या प्रकाशनाचे असते. शिवाय अनेक गायकांनी आपलीच गाजलेली गाणी दहा-वीस वर्षांनी दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायलेली असतात आणि तीच आवृत्ती मूळ समजून ऐकली जाते. आवाज थकलेला आणि वाद्यमेळ निराळा, तरीही ‘हे गाणे इतके का गाजले असेल’ असा प्रश्न पडला, तर आपण बहुधा अशी पुनरावृत्ती ऐकत आहोत, अशी शंका घ्यावी. मूळ वर्ष कळले की ते एका महत्त्वाच्या सीमारेषेच्या अलीकडचे आहे की पलीकडचे, हे पाहावे. ती रेषा १९२५ची आहे.

एडिसनने १८७७मध्ये फोनोग्राफ तयार केला आणि एमिल बर्लिनरने १८८७मध्ये सपाट तबकडीच्या ग्रामोफोनचे पेटंट घेतले. त्यानंतर जवळजवळ चार दशके ध्वनिमुद्रणात विजेचा संबंधच नव्हता. गायक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभा राहून गात असे, त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा थरथरे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर खाच कोरत जाई. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. या पद्धतीत मात्र सुमारे २,००० ते २,५०० हर्ट्झच्या वरचे फारसे काही टिपले जात नसे आणि खर्जातला बराचसा भागही गळून जाई. मोठा ढोल वाजवला तर सुई खाचेतून उडण्याची भीती असल्यामुळे त्याला बाहेर ठेवत असत. डबल बास या खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याचा आवाज उमटत नसल्यामुळे अनेकदा त्याच्या जागी ट्यूबा हे पितळी वाद्य फुंकले जाई, आणि व्हायोलिनचा नाजूक आवाज पोहोचावा म्हणून स्ट्रोह नावाचे, लाकडी पेटीऐवजी धातूचा कर्णा लावलेले व्हायोलिन वापरले जाई. वरचा सूर लावताना गायकाला मागे सरकावे लागे आणि हळू ओळ गाताना कर्ण्यात जवळजवळ डोके घालावे लागे. काही ठिकाणी त्याला पुढेमागे ओढण्यासाठी वेगळा माणूस उभा असे.

एवढे ठाऊक असले की १९२५पूर्वीच्या मुद्रणाकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे आपोआप ठरते. तेथे खर्ज, दुरून येणारा घुमार किंवा वाद्यांची मांडणी शोधणे व्यर्थ आहे. आवाजाची फेक, शब्द उचलण्याची पद्धत, सूर लावण्यातील नेमकेपणा आणि दोन ओळींमध्ये घेतलेला श्वास या गोष्टी मात्र त्या अरुंद पट्ट्यातही शाबूत राहिलेल्या असतात. जो जोर आज आपल्याला विनाकारण वाटतो, तो नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत कोणत्याही यंत्राविना पोहोचण्याची सवय असलेल्या गळ्याचा जोर आहे. कर्ण्यासमोर तोच गळा उपयोगी पडत असे.

१९२५मध्ये विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण आणि त्याबरोबर मायक्रोफोन व्यवहारात आला, आणि गाण्याचा स्वभावच बदलला. कानाशी बोलल्यासारखे, दबलेल्या आवाजात गाणे शक्य झाले. बिंग क्रॉसबीसारखे गायक पुढच्या दशकात ज्या सहजपणामुळे लोकप्रिय झाले, तो सहजपणा मायक्रोफोनवाचून श्रोत्यांपर्यंत पोहोचलाच नसता. हा बदल वाचून समजण्यापेक्षा ऐकून चटकन समजतो. एकाच भाषेतील किंवा एकाच प्रकारातील दोन ध्वनिमुद्रणे घ्यावीत, एक १९२०च्या आसपासचे आणि दुसरे १९३०च्या आसपासचे, आणि ती लागोपाठ तीन वेळा ऐकावीत. तिसऱ्या खेपेपर्यंत पहिल्यातील गायक ‘ओरडतो’ असे वाटणे पुष्कळ कमी होते, कारण त्याच्यासमोर काय नव्हते हे कानाला उमगलेले असते.

दुसरी मर्यादा वेळेची. दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटेच मावत, आणि लोकप्रिय गाण्याची लांबी आजही त्या आकड्याभोवतीच घोटाळते आहे, तिला आज तसे काही कारण उरलेले नसतानाही. १९०२मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीचे ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले, तेव्हा ज्या गायकीला खुलायला तासभर लागत असे ती या गायिकेने जेमतेम तीन मिनिटांत बसवली. शेवटी तिने इंग्रजीत आपले नावही उच्चारले आहे, कारण तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला छापल्या जात आणि तेथील माणसांना हे गाणे कोणाचे, हे कळण्याची सोय असावी लागे. अशा मुद्रणात आलापी थोडी आणि तानांची घाई दिसली, तर ती गायिकेची अधीरता समजू नये. तिच्यासमोर जागाच तेवढी होती. उलट उदाहरण इजिप्तच्या उम्म कुलसुम यांचे घ्यावे. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रेडिओवरून त्यांची मैफल थेट प्रसारित होत असे, आणि तेथे तबकडीची अट नसल्यामुळे एकच गाणे तासभर किंवा त्याहूनही अधिक चाले; एक ओळ श्रोत्यांच्या दादेनुसार पुन्हा पुन्हा, दर वेळी निराळ्या वळणाने येई. ते गाणे चार मिनिटांचा तुकडा कापून ऐकले तर हाती काहीच लागत नाही. तबकडीसाठी बांधलेले गाणे आणि मैफलीतून उचललेले गाणे यांना वेगवेगळा वेळ देण्याची तयारी ठेवावी.

तबकडीच्या बाबतीत एक खोड विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यामुळे कित्येक जुन्या गायकांवर अन्याय झालेला आहे. ‘७८ फेरे’ हे सर्वमान्य माप होण्यापूर्वी तबकड्या कमीअधिक वेगाने मुद्रित होत असत. मिनिटाला ७४ फेऱ्यांवर मुद्रित केलेली तबकडी ७८वर वाजवली, तर लय वाढतेच, शिवाय सगळे गाणे जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढते आणि भारदस्त आवाज चिरका, लगबगीचा वाटू लागतो. एका गायिकेचा आवाज मला वर्षानुवर्षे किनरा वाटत होता. पुढे योग्य वेगाने उतरवलेली प्रत हाती आली, तेव्हा तो आवाज चांगलाच भरदार आणि गाणे संथ निघाले. म्हणून एखाद्या फार जुन्या गाण्यात आवाज अनैसर्गिक वाटला, तर गायकाविषयी मत बनवण्याआधी त्याच मुद्रणाची दुसरी प्रत शोधावी.

प्रतीचा प्रश्न येथेच संपत नाही. लाखेच्या तबकडीची खरखर काढून टाकण्याच्या उत्साहात अनेकदा आवाजाची वरची धारही पुसली जाते, आणि मग गाणे पांघरुणाखालून येत असल्यासारखे ऐकू येते. माझा कल थोडी खरखर असलेल्या प्रतीकडे आहे, कारण सतत चालणाऱ्या खरखरीकडे दुर्लक्ष करायला कान पाच मिनिटांत शिकतो, पण पुसलेला आवाज त्याला परत मिळवता येत नाही. १९६०च्या दशकात काही कंपन्यांनी जुनी एकमार्गी, म्हणजे मोनो, मुद्रणे कृत्रिम रीतीने दोन बाजूंना फाकवून ‘स्टिरिओ’ म्हणून विकली. ती शक्यतो टाळावीत. १९९०च्या दशकापासून आलेल्या अनेक पुनर्आवृत्त्यांत हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर दाबून सगळेच मोठे केलेले असते. अशी प्रत पहिल्या क्षणी अधिक दमदार वाटते आणि तिसऱ्या गाण्याला कान शिणतात. दोन प्रतींची तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारख्या पातळीवर आणावा; मोठा आवाज चांगला वाटतो ही कानाची जुनी लबाडी आहे.

ऐकण्याचे साधनही गाण्याच्या वयाप्रमाणे निवडावे. स्टिरिओ तबकड्या १९५८च्या सुमारास बाजारात सर्वत्र दिसू लागल्या, तरी पुढे जवळजवळ दशकभर लोकप्रिय गाणी प्रामुख्याने मोनोसाठीच मिसळली जात असत आणि स्टिरिओ आवृत्ती नंतर, कमी वेळात उरकली जाई. त्यामुळे त्या काळातील काही गाण्यांत सगळे गायन एका कानात आणि सगळा वाद्यमेळ दुसऱ्या कानात येतो. हेडफोनवर हे असह्य होते. बहुतेक मोबाइल फोनच्या सेटिंगमध्ये दोन्ही बाजू एकत्र करणारा ‘मोनो ऑडिओ’ हा पर्याय असतो. तो चालू करून तेच गाणे पुन्हा ऐकावे, आणि त्याहून बरे म्हणजे हेडफोन काढून एकाच छोट्या स्पीकरवर ऐकावे. पहिला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ १९५४मध्ये विक्रीला आला आणि लवकरच तरुण श्रोत्यांचा मोठा वर्ग तळहाताएवढ्या स्पीकरवर गाणी ऐकू लागला. गाणी तयार करणाऱ्यांनीही त्या स्पीकरचा विचार केला: गाण्याची ओळख पटवणारी सुरावट पहिल्या काही सेकंदांत, गायन सर्वांच्या पुढे, ताल ठळक आणि खर्ज बेताचा. महागड्या यंत्रणेवर ही गाणी उघडीवाघडी वाटतात, पण स्वयंपाक करताना कोपऱ्यातल्या छोट्या स्पीकरवर लावली की ती एकदम जागेवर बसतात.

आता यंत्र बाजूला ठेवून माणसांकडे वळावे. चुंबकीय टेप स्टुडिओंमध्ये रुळण्यापूर्वी, म्हणजे १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, मुद्रण थेट मेणावर किंवा तबकडीवर होत असे आणि तुकडे जोडण्याची सोय नव्हती. कोणी चुकले की सर्वांनी पहिल्यापासून वाजवायचे, नाहीतर चूक तशीच ठेवायची. टेप आल्यावरही बराच काळ सगळे एका खोलीत, एकाच वेळी वाजवण्याची पद्धत टिकून होती. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात बीटल्सनी आपल्या पहिल्या अल्बमसाठी दहा गाणी मुद्रित केली. दिवसाच्या अखेरीस गळा बसत आल्याचे शेवटच्या गाण्यात स्पष्ट ऐकू येते, आणि त्या गाण्याची सगळी ताकद त्या बसलेल्या गळ्यातच आहे. अशा मुद्रणांत वादक एकमेकांचे ऐकत असतात. गायकाने ओळ जरा लांबवली की साथ थांबते, अंतरा संपताना लय किंचित चढते आणि धृपदावर परतताना पुन्हा सैल होते.

ही हालचाल पकडण्याचा सोपा उपाय म्हणजे बोटाने ठेका धरणे. यंत्राच्या ठोक्यावर बांधलेल्या आजच्या गाण्याबरोबर बोट शेवटपर्यंत बिनचूक चालते. खऱ्या ढोलकांच्या नोंदी वापरणारे लिन कंपनीचे तालयंत्र १९८०मध्ये आले आणि त्यानंतर हा काटेकोरपणा लोकप्रिय संगीतात झपाट्याने पसरला. त्याआधीच्या गाण्याबरोबर ठेका धरला, तर दोन-तीन ठिकाणी बोट पुढे किंवा मागे पडते. ज्या ठिकाणी ते पडते ती ठिकाणे लिहून ठेवावीत आणि पुढच्या वेळी तेथे शब्द काय आहे ते पाहावे. बहुतेकदा तेथे काहीतरी महत्त्वाचे सांगितले जात असते.

गाण्याच्या बांधणीविषयी एक गैरसमज मात्र मुळातून काढायला हवा. आजचा कान गाण्यात मोठ्या, उसळणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या धृपदाची वाट पाहतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यांचा एक अतिशय प्रचलित साचा ३२ मात्राखंडांचा, म्हणजे ठरावीक मात्रांच्या ३२ समान तुकड्यांचा, होता: आठ-आठ खंडांचे चार भाग, त्यांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे आणि तिसरा निराळा. त्यात वेगळे धृपद नसतेच. गाण्याचे शीर्षक बहुधा त्या सारख्या भागांच्या सुरुवातीला किंवा शेवटी येते आणि तिसऱ्या भागातून घरी परतण्यातच सगळी गंमत असते, जशी अंतऱ्यावरून मुखड्यावर येताना समेची असते. ब्ल्यूज या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गीतप्रकाराचा १२ खंडांचा साचा त्याहूनही साधा आहे: एक ओळ, तीच ओळ पुन्हा आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. जो श्रोता धृपदाची वाट पाहत बसतो, त्याला दोन्ही प्रकार अपुरे वाटतात. जो परतीची वाट पाहतो, त्याला त्या दुसऱ्यांदा म्हटलेल्या ओळीत गायकाने काय बदलले हे ऐकू येऊ लागते.

सवयीचा भाग उरतोच. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ ओळखीमुळे ती अधिक आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८मध्ये मांडले, आणि संगीताला ते चपखल लागू पडते. आपल्या काळातील गाणी आपण न ठरवता शेकडो वेळा ऐकलेली असतात. जुन्या गाण्याला मात्र आपण एकदाच, तेही परीक्षकाच्या आवेशात, संधी देतो. म्हणून एका आठवड्यासाठी एकच गाणे निवडावे आणि ते रोज एकदा ऐकावे. पहिले दोन दिवस काहीही न शोधता ऐकावे, मग एक दिवस फक्त शब्द, एक दिवस फक्त गळा आणि एक दिवस गायनामागे सर्वात हळू वाजणारे वाद्य असे लक्ष द्यावे. शेवटचे दोन दिवस पुन्हा मोकळे ठेवावेत. एकदम पन्नास गाण्यांची यादी लावून ठेवण्याने हे साधत नाही. त्या यादीत सगळी गाणी एकसारखी वाटू लागतात.

२०१३मध्ये क्रुमहान्सल आणि झुपनिक या संशोधकांनी विशीच्या आसपासच्या विद्यार्थ्यांना आधीच्या अनेक दशकांतील गाजलेली गाणी ऐकवली. तेव्हा त्यांच्या पालकांच्या तारुण्यातील गाण्यांशीही त्या मुलांच्या आठवणी आणि भावना ठळकपणे जोडलेल्या आढळल्या. म्हणजे मागच्या पिढीचे काही संगीत आपल्या कानात आधीच शिरलेले असते. प्रवासाची सुरुवात तेथून करावी आणि एकेक दशक मागे सरकावे. थेट १९१०वर उडी घेतली तर वाट हमखास चुकते.

याच्याच उलट एक अडचण आहे, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. शंभर वर्षांपूर्वीचे गाणे ‘ऐतिहासिक’ म्हणून आपण सहज माफ करतो, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे गाणे आपल्याला केवळ शिळे वाटते. १९८३मध्ये आलेल्या यामाहाच्या डीएक्स-७ या सिंथेसायझरचे तयार आवाज त्या दशकातील असंख्य गाण्यांत जसेच्या तसे आहेत, आणि ढोलावरचा तो अचानक कापलेला घुमारही. एकेकाळी हे आवाज भविष्यातून आल्यासारखे वाटत होते. ते खटकत असतील तर तीच चाल एखाद्या एकाच वाद्यावर वाजवलेली ऐकावी आणि मग मूळ मुद्रणाकडे परतावे. चाल पक्की ओळखीची झाली की वरचा पोशाख डोळ्यांत खुपत नाही.

शब्दांच्या बाबतीत एवढेच सांगतो की जुन्या गाण्यांत स्त्रियांविषयी, इतर वंशांविषयी किंवा गरिबांविषयी जे लिहिले गेले, त्यातले काही आज ऐकवत नाही, आणि ते ऐकवत नाही असे म्हणण्यात काही चूक नाही. चालीचे कौतुक करण्यासाठी शब्दांची वकिली करावी लागत नाही.

आणखी एक प्रयोग करून पाहावा. काळाने निवडून ठेवलेली गाणीच ऐकली तर ‘पूर्वी सगळेच उत्तम होते’ असा भ्रम होतो. ब्रिटनमध्ये १४ नोव्हेंबर १९५२पासून आणि अमेरिकेत सध्याच्या ‘हॉट १००’ या स्वरूपात ४ ऑगस्ट १९५८पासून दर आठवड्याच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या उपलब्ध आहेत. एखादा आठवडा डोळे मिटून निवडावा आणि त्यातील पहिली दहा गाणी क्रमाने ऐकावीत. त्यांतील काही सपक निघतील, एखाद-दुसरे विनोदी पण आता हसू न आणणारे असेल, आणि अशा शेजारात एखादे आजही ताजे वाटणारे गाणे आले की ते त्या काळच्या श्रोत्याला किती अचानक आणि किती वेगळे वाटले असेल, याचा थोडा अंदाज येतो.

शेवटी, घरात किंवा ओळखीत ज्यांनी ही गाणी नवी असताना ऐकली असे कोणी असेल, तर त्यांच्याशी बोलावे. मात्र ‘तुम्हाला हे का आवडायचे’ असे विचारू नये, कारण त्याला ‘आमच्या वेळी गाणी चांगलीच असायची’ याखेरीज उत्तर मिळत नाही. त्याऐवजी ‘हे पहिल्यांदा कोठे ऐकलेत, कशावर, खोलीत आणखी कोण होते’ असे विचारावे. मग रेडिओ कोणत्या फळीवर होता, बॅटरी संपत आली की आवाज कसा चिरका होई, तबकडी कोणाकडून मागून आणली होती, सगळे निघते. ओरखडा पडलेल्या तबकडीवर एखादे गाणे ज्यांनी वर्षानुवर्षे ऐकले आहे, त्यांना त्याच गाण्याची स्वच्छ प्रत लावून द्यावी आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहावे: जेथे सुई अडकत असे त्या शब्दाजवळ येताच हात आपोआप उचलला जातो, आणि गाणे न अडखळता पुढे गेले की तो क्षणभर तसाच हवेत राहतो.